सिमल्याची सोबत

मावशीचा डिंकाचा लाडू कुमुदने पाटावर आपटला. पाटाला खोक पडली, लाडवाला ओरखडाही नाही. असाच एक लाडू फेकून मावशीने चोर आडवा केला होता, असं अख्खी मिरज शपथेवर सांगायची.

"मावशी, हा खायचा की घराच्या पायात भरायचा?" कुमुदने विचारलं.

धाकटी शालन मात्र लाडू गालात धरून हसतमुखाने चघळत होती. "चव काय सुरेख उतरलीय, मावशी!"

लबाड कुठली! कुमुदला किळसच आली. मावशी दोघींपैकी एकीला सिमल्याला नेणार, म्हणून ही साखरपेरणी. बर्फ बघायचा ध्यास कुमुदलाही शाळेपासून होता. पण त्यासाठी असली थुंकी झेलणाऱ्यांतली ती नव्हती.

मावशीने पदराला हात पुसले. "शालन, गरम कपडे काढून ठेव ग."

कुमुद उसळली. "म्हणजे खोटं बोलणारीला बक्षीस? लाडू दगड आहेत, मावशी!"

"आहेतच की. लग्न झाल्यापासून तुझे काका रोज तेच सांगतात," मावशी शांतपणे म्हणाली. "म्हणून तर त्यांनाही नेत नाहीये."