मुक्काम वाढला

परदेशातून आलेला तिचा भाऊ बाबांजवळ बसायचा, पण डोळे मोबाइलवर. तिकडे परवडत नसलेला बड्या ब्रँडचा कोट इथे सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळत होता, म्हणून त्याने तो ऑनलाइन मागवला होता. कोट काही येईना, तेव्हा स्वारीने परतीचं तिकीट पुढे ढकललं. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी मात्र साहेबांना रजा मिळाली नव्हती.

"कोटासाठी बरी मिळाली रजा!" स्वयंपाकघरात ती बाबांपुढे धुसफुसली. "आणि तुम्ही खुशाल शेजारीपाजारी सांगत फिरताय, मुलगा माझ्यासाठी थांबलाय म्हणून!"

बाबांनी बाहेरच्या खोलीकडे पाहून आवाज खाली आणला.

"अगं, सकाळीच आला होता कोट. या नावाचं इथे कोणी राहत नाही म्हणून मीच परत पाठवला."