वखारीतली शिवण

बनाबाई चष्मा लावून वखारीत आली आणि उंबऱ्यातच थबकली. छताचे वासे, भिंतीला टांगलेला काटा, कोपऱ्यातले सुतळीचे गुंडे, सगळं तिला नव्यानं दिसत होतं. चष्म्याची भिंगं जाड होती. प्रत्येक वस्तू एक पाऊल पुढं येऊन उभी राहिल्यासारखी वाटत होती.

दिवाणजी मोहनराव हमालांशी बोलायचं सोडून पुढं आले. “या बनाबाई. दिसतंय का नीट?”

“दिसतंय की. तुमची टोपीबी दिसतीया. लई मळलीया.”

हमाल हसले. दिवाणजींनीही हसत टोपी काढून पाहिली.

बारामतीत बापूसाहेबांची आडत होती. पुढं रस्त्याच्या बाजूला गादी. तिथं शेतकरी येत, भाव ठरत. मागं ही वखार. माल पोत्यांत भरायचा, पोत्यांची तोंडं शिवायची आणि आगगाडीनं दौंडला धाडायचा, हे सगळं इथं चाले. पुढं येणाऱ्याला मागचं काही दिसत नसे. नवरा गेल्यापासून बनाबाई इथं पोती शिवत होती. जोडीला फुलाबाई.

गेल्या वर्षी बनाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्याच सुमारास दौंडच्या फलाटावर एक पोतं उसवलं आणि सगळा गहू सांडला. ते कुणी शिवलेलं हे कळलं नाही. पण बापूसाहेबांनी वखारीत येऊन बजावलं, “पुन्हा असं झालं तर शिवणारीला घरी बसवीन.” त्या दिवसापासून बनाबाईनं दिसत नसल्याचं कुणाला कळू दिलं नाही. बोटांनी चाचपून शिवत राहिली. फुलाबाईपासून मात्र ते लपलं नाही. छप्पन सालच्या उन्हाळ्यात इंदापुरात डोळ्यांचं शिबिर भरलं, तेव्हा तीच तिला हात धरून यष्टीनं घेऊन गेली.

“फुली कुठं हाय?” बनाबाईनं विचारलं.

“पाणी आणायला गेलीय. बसा तोवर.”

बनाबाई बसली नाही. “एक सांगू का दिवाणजी? डोळं गेलं, पर हातानं दगा दिला न्हाय. सायेब बोलल्यापासनं माजं एक पोतं उसवलं न्हाय.”

दिवाणजींनी नुसती मान हलवली.

खिडकीखाली ज्वारीची थप्पी होती. भाव येईल म्हणून ठेवून दिलेली. शिबिराला जाण्याआधी बनाबाईनं शिवलेला तो शेवटचा माल. खिडकीपाशी थोडा उजेड जाणवायचा म्हणून ती तिथंच बसून शिवायची. आपलं काम बघावं म्हणून ती थप्पीजवळ गेली. टाके एकसारखे होते, घट्ट होते. तिनं कौतुकानं त्यांवरून हात फिरवला.

मग हात थांबला.

बनाबाई डावखुरी होती. तिचा टाका नेहमी डावीकडं कलायचा. हे टाके उजवीकडं कलले होते. तिनं दुसरं पोतं पाहिलं, तिसरं पाहिलं, वाकून खालच्या थरातली पाहिली. थप्पीत तिच्या हातचा एकही टाका नव्हता.

ती वळली. “ही पोती कुणी शिवली?”

दिवाणजी घुटमळले. हमालांना त्यांनी बाहेरच्या गाडीकडं पिटाळलं. मग हळू आवाजात म्हणाले, “बनाबाई, तुमचे टाके पार सुटत होते. बोट घातलं तरी पोत्याचं तोंड उघडायचं. मी बापूसाहेबांना सांगायला निघालोही होतो. फुलाबाई दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, ‘तिला लौकर घरी धाडा, मी उसवून पुन्ना शिवते.’ ”

“रोज?”

“रोज. मीही मग तुमची पोती सकाळच्या गाडीला लावायचो. संध्याकाळच्या नाही.”

बनाबाईला आठवलं. दिवस मावळायच्या आधीच दिवाणजी म्हणायचे, “जा आता, बनाबाई, पुरे झालं.” भला माणूस, म्हणून ती घरी जायची. आणि फुलाबाई म्हणायची, “हो म्होरं, मी झाडून येते.”

तिच्या कानशिलांत ऊन ऊन झालं. एवढे दिवस आपण ताठ मानेनं हिंडलो. मघाशीसुद्धा केवढ्या तोऱ्यात बोललो. क्षणभर तिला वाटलं, असंच निघून घरी जावं. पण तिनं पुन्हा थप्पीकडं पाहिलं. दिवसभर स्वतःची पोती शिवून झाल्यावर, घरी पोरं वाट बघत असताना, त्या बाईनं इथं बसून यातला एकेक टाका घातला होता. आणि शिबिराच्या वाटेवर, यष्टीत मांडीला मांडी लावून बसली असताना, एका शब्दानं बोलली नव्हती.

बनाबाईचे डोळे भरून आले. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलं होतं. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत लावला.

तेवढ्यात डोक्यावर घागर घेऊन फुलाबाई आत आली. थप्पीपाशी उभी असलेली बनाबाई आणि खाली मान घातलेले दिवाणजी बघून तिनं ओळखलं. घागर उतरवता उतरवता ती चाचरली, “आक्का, ते म्हंजी... मी आपलं...”

बनाबाईनं फुलाबाईचा दंड धरून तिला खिडकीपाशी आणलं, हनुवटीला हात लावून तोंड उजेडाकडं केलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिच्या कपाळावरची ओली बट बोटानं मागं सारली.

“फुले, तुजं क्यास कवा गं पिकलं?”

फुलाबाई हसली. “तुला दिसत न्हवतं तवा, आक्का.”