मोठा, तीन अक्षरे

वीज गेल्यामुळे शेजारचे माग गप्प होते. त्या शांततेत स्टोव्हवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं.

"डाळ उतू चाललीया गं," मथुराबाई म्हणाल्या. चांगुणाच्या या सासूबाईंच्या मांडीवर सूप होतं, बोटांत अर्धी वळलेली विडी.

चांगुणानं झाकण कलतं केलं आणि पुन्हा पेपरावर ओणवी झाली. शब्दकोड्यातला एकच शब्द अडला होता. 'मोठा. तीन अक्षरे.' बरोबर सोडवणाऱ्यांची नावं रविवारी छापून येत. आणि तिचा नवरा हरिदास हे कोडं पाहिल्याशिवाय चहाला शिवत नसे. दोन वर्षांपूर्वी 'मोठा माणूस होऊनच येतो' म्हणत तो भिवंडीला गेला. पहिल्या दिवाळीनंतर पत्र नाही. पेपरात तिचं नाव तरी वाचेल. उत्तर आजच धाडायला हवं होतं; टपालपेटीतली पत्रं चारला उचलत. आता साडेतीन झाले होते.

विशाल लिहिलं, खोडलं. प्रचंड लिहिलं, खोडलं. अफाट, थोरला. एकही बसेना. मधलं अक्षर 'डी' होतं आणि ते चुकणं शक्य नव्हतं, कारण वरून येणारा उभा शब्द 'विडी' होता. लग्न होऊन आल्यापासून ती दुसरं काय करत होती? खोडून खोडून कागद भुरका झाला. आणखी एकदा खोडलं की भोक पडणार.

"ढब्बू लिही की," गोजा म्हणाली. तिची सहा वर्षांची पोर नुकतीच शाळेतून आली होती, दप्तर अजून गळ्यातच.

"गप गं. तीन अक्षरं पायजेत."

"मग लई ढब्बू."

चांगुणाला हसूही आलं, रडूही.

"मोठाच न्हवं?" मथुराबाई मान वर न करता बोलल्या. "वडील की. वडील भाऊ म्हनत न्हाईत व्हय?"

व, डी, ल. चपखल बसलं. इतका साधा शब्द. चांगुणाला स्वतःचीच चीड आली. हा शब्द या घरात कुणी कधीपासून काढलाच नव्हता. तिनं तो ठळक लिहिला आणि कोड्याखालच्या कुपनावर आपलं नाव घालायला पेन्सिल टेकवली.

गोजानं चौकोनांवर बोट ठेवून वाचलं. "व-डी-ल. म्हंजी घरातलं मोठं मानूस व्हय?"

"व्हय, बाळा," चांगुणा म्हणाली.

"आई, शाळेत बाईंनी उद्या वडलांना घिऊन ये म्हनलंया. मग आजीला न्हिऊ का तुला?"