झावळीची गाठ

निकोबारच्या या किनाऱ्यावर आधी एस्थरआजींचं गाव होतं, मग आमची नारळाची बाग झाली. आम्ही जमीन परत दिली त्या दिवशी आजी माडामाडाला झावळीची पात बांधत निघाल्या. गाठ बसली की ते त्यांचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

शेवटी त्यांनी माझ्या तुळशीलाही गाठ मारली. तिला पाणी घातल्याशिवाय मी अन्न घेत नाही. हातातला तांब्या मी खाली ठेवला.

“घरी कुंडीत लावू दुसरी,” आमचे हे पुटपुटले.

“कशाला?” आजी म्हणाल्या. “आता हिला कुणी हलवणार नाही. तू रोज येत जा, आमच्या अंगणातून.”

दुसऱ्या सकाळी मी त्या अंगणातून ताठ मानेनं गेले. पाणी इतकी वर्षं घातलं, पण मालकिणीच्या परवानगीनं घातलेलं ते पहिलंच.