हिल्डिंगचा नेम

"मूस हरणांनी माझी पाईनची रोपं फस्त केली! यंदा कळप कमी करायचाच. आणि आधी पाडसं टिपायची, आईमागं उरलेलं पाडस बर्फात तगत नाही," शिकारी टोळीच्या बैठकीत हिल्डिंगनं टेबल बडवलं.

मोसम सुरू झाला. तीन दिवस त्याच्यासमोरून पाडस गेलं आणि तिन्ही वेळा त्याचा नेम चुकला.

"नेमबाजीच्या परीक्षेत लाकडी हरणावर दहापैकी दहा, आणि इथं डोळे फुटले का रे?" कॉफी ओतताना आमची म्होरकी मायवूर म्हणाली.

"धुकं होतं."

चौथ्या दिवशी लख्ख ऊन होतं. तिनं त्याला त्याच्याच रोपांपाशी उभं केलं. पाडस आलं, शेंडे खाऊ लागलं, तरी बंदूक वाजेना. मायवूर तणतणत त्याच्याजवळ गेली.

हिल्डिंगनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. वाढतं वय आहे, पोटभर खाऊ दे."