शिट्टीच्या आडून

कुकरची शिट्टी झाली, तशी दत्तारामने घाईघाईने टॉनिकच्या बाटलीचं झाकण फिरवलं. फसव्या जाहिरातींविरुद्धचा नवा कायदा आल्यापासून झाकण उघडलं की बाटली स्वतःच खणखणीत आवाजात सांगायची, “या औषधाने कॅन्सर बरा होतो याला कसलाही पुरावा नाही.” शिट्टीत ते बोलणं बुडून गेलं. चमचाभर औषध घेऊन तो बायकोच्या खाटेपाशी आला.

“घे मंदा. महिन्याभरात हिंडायला-फिरायला लागशील.”

मंदाने निमूटपणे औषध गिळलं आणि त्याचं मनगट धरलं.

“अहो, दिवसातून तीनदा कुकर लावता, पण भाताचा वास कधी येत नाही. नुसतं पाणी कशाला उकळता? उद्यापासून बाटली इथेच उघडा. मी केव्हाच ऐकलंय. आता तुम्ही ऐका.”