भिंतीवरची सात बाळं

"सर, ऑक्सिजन थोडा कमी करू का?" काचेच्या पेटीतल्या नऊशे ग्रॅमच्या बाळाकडे बघत नव्या सिस्टरनं विचारलं. "जास्त झाला तर इतक्या लहान बाळांचे डोळे जातात, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलंय."

डॉक्टर हसले. "अहो सिस्टर, ज्याला श्वास पुरत नाही त्याला ऑक्सिजन द्यायचा, साधी गोष्ट आहे. तरी पुरावाच पाहिजे असेल, तर ती भिंत बघा."

इथून वाचून गेलेल्या बाळाचा पहिल्या वाढदिवसाचा फोटो आईबापांनी आणून द्यायचा आणि डॉक्टरांनी खाली जन्माचं वजन लिहून तो भिंतीवर लावायचा, अशी या दवाखान्याची पद्धत होती.

सिस्टर भिंतीजवळ गेली. किलोच्या आतली सात बाळं होती. झबली, जरीच्या टोप्या, गालावर तीट. सगळी चांगली गुटगुटीत झाली होती.

मग तिला ते हात दिसले. सातही फोटोंत आईनं हनुवटी धरून बाळाचं तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं होतं. डोळे उघडे होते, पण एकाचीही नजर कशावरच नव्हती.

"पटलं ना?" मागून डॉक्टर म्हणाले. "मग ऑक्सिजन थोडा वाढवाच."